सर काय म्हणाले?

बाबांचा शेवटचा साधा दिवस बुधवार होता, आणि त्या दिवशी त्यांना जांभयांविषयी फार काही सांगायचं होतं.

विद्यापीठातल्या एक बाई तीन वर्षं कुत्र्यांच्या जांभया मोजत होत्या. माणसाने जांभई दिली की कुत्रा देतो का, आणि दिली तर कोणाची उचलतो, घरच्या माणसाची की परक्याचीही... बाबा जेवता जेवता हे सांगत होते आणि मध्येच त्यांनी आईकडे बघून एक लांबलचक जांभई दिली. आईने ती लगेच उचलली. मग दोघं माझ्याकडे बघत बसले. मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचत होते. जांभई मी दातांखाली दाबून धरली, पण डोळ्यांत पाणी आलंच.

"आली," बाबा म्हणाले. "बाईंनाही आली."

लहानपणी मी घरातल्या सगळ्यांना ओळीत बसवून शिकवायचे, तेव्हापासून मी त्यांची 'बाई'. मी हसले नाही. पान उलटलं.

गुरुवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते खुर्चीतून वाकले आणि तसेच राहिले.

त्यापुढचं मी लिहीत नाही, कारण ही गोष्ट त्याची नाही. पाच आठवडे मी एक खोटं कसं निभावलं, आणि त्या पाच आठवड्यांत कितीदा पोट धरून हसले, याची ही गोष्ट आहे.

बाबा विद्यापीठाच्या संशोधन-सारसंग्रहाचे संपादक होते. वर्षभरात सगळ्या विभागांत मिळून जे काही शोधलं गेलं, ते या जाडजूड खंडात एकत्र यायचं. प्रत्येकाच्या वाट्याला चार वाक्यांचा सारांश. बाकीच्या विद्यापीठांत संशोधक आपलं टिपण आपणच लिहून पाठवतात. बाबांना ते मंजूर नव्हतं. ते वही घेऊन त्या माणसाच्या समोर जाऊन बसायचे आणि त्याला तोंडी सांगायला लावायचे. पहिल्या वाक्यात काय विचारलं, दुसऱ्यात कशासाठी, तिसऱ्यात कसं शोधलं. आणि चौथ्यात, अजून काय कळलेलं नाही. चौथ्या वाक्यापाशी मोठमोठे प्राध्यापक अडायचे. एकदा एक विभागप्रमुख रागावून उठून गेले होते आणि तासाभराने परत येऊन, दाराच्या बाहेरूनच, आपल्याला काय कळलेलं नाही ते सांगून गेले होते.

बाबा गेले तेव्हा सतरा सारांश राहिले होते. छपाईला सात आठवडे होते. कार्यालयातले मुख्य लिपिक, शिक्का मारल्याशिवाय चहाचा कपसुद्धा पुढे सरकवत नाहीत म्हणून सगळे त्यांना शिक्केकाका म्हणतात, घरी आले आणि बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाले की बाबांची पद्धत ठाऊक असलेलं दुसरं कोणी नाही. मी विद्यापीठाच्याच ग्रंथालयात काम करते, पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देते. दुपारची रजा टाकली आणि बाबांची वही उचलली.

मला वाटलं होतं, जड जाईल. पण गंमत अशी की त्या सतरा जणांना स्वतःच्या कामाखेरीज दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि ते मला फार बरं पडलं. एक गणिती बाई गाठींवर काम करत होत्या. कोणती गाठ ओढल्यावर सुटते आणि कोणती सात जन्म सुटत नाही हे दाखवायला त्यांनी माझी ओढणी घेतली. ती शेवटी कात्रीने सोडवावी लागली. नाट्यविभागातल्या एका आजोबांनी पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसांचा इतिहास लिहिला होता. ते स्वतः इतकं हळू बोलायचे की मी तीनदा खुर्ची पुढे घेतली. रांगेत उभी असलेली माणसं वैतागतात नेमकी कितव्या मिनिटाला, हे एकाने शोधलं होतं, आणि त्याने मला पाऊण तास ताटकळत ठेवलं. रसायनशास्त्रातली एक मुलगी गंजावर बोलताना इतकी फुलून यायची, की गंज चढणं ही लोखंडाच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट असावी असं मलाही वाटू लागलं.

प्रत्येक जण सुरुवातीला म्हणायचा, "सरांचं कळलं, फार वाईट झालं." मी म्हणायचे, "हो. सुरू करू या?"

बाबा गेले, हे तोवर मी तोंडाने कुणालाही सांगितलं नव्हतं. फोन आईने केले. आलेल्यांना आईने सांगितलं. मी कागद भरले. निरनिराळ्या अर्जांवर, निरनिराळ्या चौकटींत अकरा वेळा लिहिलं. बोलायची वेळ आली नाही, आणि मग हळूहळू असं झालं की ती वेळ येऊच नये अशी मी व्यवस्था करू लागले.

अशात मी नदीवर गेले.

बाबांच्या वहीत एका पानावर तीन वाक्यं होती. नदीतले दगड एका वर्षात किती लांब जातात, हा प्रश्न होता. पूल आणि बांध कुठे घालावेत हे त्यावरून ठरतं, म्हणून तो विचारायचा. आणि दोनशे चाळीस दगडांना बारीक भोक पाडून, तांदळाच्या दाण्याएवढी चिप आत बसवून, दर पुरानंतर ते शोधून काढायचे, ही रीत होती. चौथ्या वाक्याच्या जागी बाबांनी लिहिलं होतं, 'वरून परतल्यावर'. हा माणूस सात महिने नदीच्या उगमाकडे तंबू ठोकून होता आणि नुकताच खालच्या वळणावर उतरला होता.

बसमधून उतरून मी काठावरच्या गोट्यांतून चालत गेले. गुडघाभर पाण्यात एक उंच माणूस उभा होता. कानांवर हेडफोन, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला तारेचं मोठं कडं. ते कडं तो पाण्यावरून असं फिरवत होता, जशी एखाद्याने नदीची दृष्ट काढावी. मी हाक मारणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला राग आला. तो पाण्यातून हळूहळू बाहेर आला, सरळ माझ्या दिशेने, आणि ते कडं माझ्या चपलांपाशी आणून थांबला.

"एकशे बारा," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी मागे वळून पाहिलं. "चौदा महिने शोधतोय. तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात."

मी बाजूला झाले. त्याने गुडघ्यांवर बसून दगड उचलला, सदऱ्याला पुसला आणि मला दाखवला. एक साधा करडा दगड. मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, एवढ्या लवकर मत बनवू नका, हा फार आळशी आहे.

मग त्याने माझ्या हातातली वही पाहिली आणि ओळखली.

"सर आले नाहीत?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना... नाही येता आलं."

"गुडघा दुखतोय का अजून?"

"नाही. आता नाही दुखत."

दोन्ही उत्तरं खरी होती. तिथेच सगळा घोळ झाला.

मी त्यांची मुलगी एवढं सांगितलं, तर त्याला वाटलं, मुलगी वडिलांच्या हाताखाली काम शिकते आहे. तो मला 'उपसंपादक' म्हणू लागला. मी दुरुस्त केलं नाही. कारण, खरं सांगायचं तर, त्या वळणावर माझे बाबा होते. शहरात सगळीकडे ते गेलेले होते. ग्रंथालयात, कार्यालयात, आमच्या जिन्यातसुद्धा. या एका माणसाजवळ मात्र ते घरी खुर्चीत बसून माझी वाट बघत होते, गुडघा बरा झालेला होता, आणि मी परत गेल्यावर ते विचारणार होते, की काय म्हणतो दगडवाला. ते सोडून बसमध्ये चढायला माझं मन होईना.

चौथं वाक्य त्या दिवशी मिळालं नाही. त्याने उलट बाबांसाठी एक प्रश्न दिला, की चौथं वाक्य अर्धवट सुचलं असेल तर चालतं का, हे सरांना विचारा. मी बरं म्हटलं आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन गेले: अर्धवटच हवं, पूर्ण सुचलं तर ते तिसरं होतं. तो जोरात हसला आणि म्हणाला की सर एकदम फॉर्मात आहेत.

मग ते सुरूच झालं. मी गेले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर काय म्हणाले?" बाबांचा फोन कायम कपाटात बंद पडलेला असायचा हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत, त्यामुळे त्याने तो कधी लावून पाहिला नाही. बाकीचे सोळा सारांश मी धडाधड उरकले आणि हा सतरावा मात्र, का कोण जाणे, दर तिसऱ्या दिवशी थोडा राहायचाच.

तिसऱ्या खेपेला त्याने माझ्या हातात मोजपट्टीच्या लांब टेपचं टोक दिलं. दगड मागच्या वेळी होता तिथे मी उभं राहायचं, आता सापडला तिथे तो. चार वर्षं तो हे टोक झाडाला बांधत आला होता.

"झाडापेक्षा तुम्ही बऱ्या," तो तिकडून म्हणाला.

"का? मीही फारशी बोलत नाही."

"झाडाच्या मानाने बरंच बोलता. आणि झाड कधी चुकीच्या दगडावर उभं राहिलं नव्हतं. त्यात मजा नाही."

पाऊस आला की बाकी माणसं आडोसा शोधतात. हा घड्याळ बघायचा. आभाळ भरून आलं की त्याच्या चेहऱ्यावर, गाडी वेळेवर येताना दिसलेल्या स्टेशनमास्तरचा भाव यायचा. एकदा आम्ही दोघं पुलाखाली उभे होतो, पाणी तांबूस होऊन चढत होतं, आणि खालून खडखड असा बारीक आवाज येऊ लागला. तो म्हणाला, ऐका, निघाले. पाण्याखाली दगड चालायला लागले होते. मी कान देऊन ऐकलं. त्याने माझ्या कपाळावरचा ओला केस बाजूला करायला हात उचलला... आणि मध्येच काय वाटलं कोण जाणे, त्याच हाताने स्वतःची टोपी सरळ केली. ती सरळच होती. मी पाण्याकडे बघत राहिले, पण त्या रात्रीपर्यंत कपाळाची ती जागा मला वेगळी जाणवत होती.

एक दिवस त्याने सर काय म्हणाले असं विचारलंच नाही. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा दगड, म्हणाला, वर सापडलाय. जिथे ठेवला होता त्याच्या चाळीस मीटर वर. प्रवाहाविरुद्ध. दगड वर जात नाहीत. कुणी उचलून नेला असेल, एखाद्या जनावराने ढकलला असेल, काहीही. त्याचे मार्गदर्शक वर्षभर परदेशी होते; फोनवर त्यांचं म्हणणं पडलं की प्रबंधातून तो दगड काढून टाक, एका दगडासाठी दोनशे एकोणचाळीसांवर शंका कशाला. प्रबंध आठ दिवसांत द्यायचा होता.

"सरांना विचारा," तो म्हणाला. "ते म्हणतील तसं करेन."

त्या संध्याकाळी मी बाबांच्या टेबलाशी बसले आणि ते काय म्हणाले असते याचा विचार केला. प्रामाणिकपणे सांगते, मला कळलं नाही. बाबांनी कदाचित दोन्ही बाजू समजावून सांगितल्या असत्या, चष्मा पुसला असता, वेळ मागून घेतला असता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतापर्यंतचं एकही उत्तर त्यांचं नव्हतं. ते कधीच इतकं तडकाफडकी बोलत नसत.

मी जाऊन सांगितलं, ठेवा. कळलं नाही ते काढून टाकायचं असेल तर शोधायला कशाला गेलात.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, सर बदललेत हो, पूर्वी फार जपून बोलायचे. मग मोजपट्टी गुंडाळत, माझ्याकडे न बघता, म्हणाला की हल्लीचे सर त्याला जास्त आवडतात. मी इतकी लाल झाले असेन, की वही उघडून त्यात तोंड घातलं.

त्याने दगड ठेवला. मार्गदर्शकांशी फोनवर भांडला, बाबांचं नाव घेऊन भांडला. प्रबंध मेलने पाठवून दिला. आणि शुक्रवारी त्याचा फोन आला की रविवारी घरी येतो, सरांना भेटायचंय, आभार मानायचेत. सोमवारी खंड छपाईला जाणार होता. मंगळवारी तो दुसऱ्या नदीवर जाणार होता, पाच महिन्यांसाठी.

मी फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती.

"कोण येतंय त्यांना भेटायला?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत असताना भिंतीला टेकली. मला वाटलं, आता बोलेल. ती रागावली नाही. तिने विचारलं, तो कसा आहे दिसायला. मी म्हटलं, उंच, उन्हाने रापलेला, बोलता बोलता टोपी सरळ करतो. ती म्हणाली, टोपीचं नव्हतं विचारलं, पण कळलं.

"मी सांगू का त्याला?" ती जरा वेळाने म्हणाली. "मला सवय झालीये आता."

"नको. मी सांगते."

"सांगितल्यावर तो रागावेल."

"हो."

"आणि निघून जाईल कदाचित."

"हो, आई."

"मग लवकर जा. रविवारी दारात उभं राहून नको सांगूस. माणसाला बसायला जागा हवी."

शनिवारी सकाळी मी गेले. रात्रभर पाऊस पडून गेला होता, नदी दोन्ही काठांना घासत वाहत होती आणि कानठळ्या बसतील असा आवाज होता. मला बघून त्याने हात केला, जवळ येऊन टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि तो काठाकाठाने लांब चालत गेला. जवळ होता तेव्हा माझी जीभ उचलली नाही. तीस मीटर झाले. तो वाकून आकडा वाचत होता.

"बाबा गेले," मी म्हणाले.

नदीत ते मलाही ऐकू आलं नाही. त्याने मान वर केली, कानामागे हात धरला. मग मी, जिने ग्रंथालयात बारा वर्षं आवाज चढवला नाही, दोन्ही पाय रोवून ओरडले:

"माझे बाबा गेले."

ते झालं. आभाळ होतं तिथेच होतं. माझ्या घशातून काहीतरी मोठं बाहेर पडलं होतं आणि मी रडत होते, आणि तरी मला मोकळं वाटत होतं, जत्रेत हरवलेल्या मुलाला नाव सांगता आल्यावर वाटावं तसं. तो टेप गुंडाळत माझ्याकडे चालत आला. टेप त्याने सोडला नाही, मीही सोडला नाही. शेवटी आमच्यामध्ये हातभर उरला.

"कधी?"

"तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ना... त्याच्या दोन आठवडे आधी."

तो मनात हिशेब करत होता; मला ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो मटकन एका दगडावर बसला. मला सात आठवडे मिळाले होते, त्याला एक मिनिटही झालं नव्हतं. मी शेजारी बसले आणि त्याला गुरुवार सांगितला, खुर्ची, नाडी, सगळं, पहिल्यापासून. त्याने टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला की सरांनी त्याचं दोन तास ऐकून घेतलं होतं. स्वतःच्या वडिलांनी आजवर विचारलं नाही की तू दगडांचं नक्की करतोस काय.

"मग ती उत्तरं?" त्याने विचारलं.

"माझी."

"सगळी?"

"सगळी."

"अठ्ठ्याऐंशी ठेवा म्हणून..."

"तेही मीच."

"मी सरांच्या जोरावर भांडलो. गाइड आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीयेत." त्याचा आवाज कडक झाला. "माझं चार वर्षांचं काम होतं ते. तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत, की हे मला वाटतंय."

मी चूक झाली असं म्हणाले. कारण सांगत बसले नाही. फक्त एवढं सांगितलं की त्या दगडाविषयी मला तसंच वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

तो उठला, पाण्याच्या कडेने लांबवर गेला, तिथे पाठ करून उभा राहिला. मी वही उघडून कोऱ्या ओळीकडे बघत बसले. गेला तर जाऊ दे, असं मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या पायजम्याचे पाय ओले होते.

"लिहा," तो म्हणाला. "एक दगड प्रवाहाविरुद्ध वर का गेला, हे अजून कळलेलं नाही."

मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. सारांश पूर्ण झाला. त्याने पट्ट्याची पिशवी खांद्यावर घेतली, टोपी घातली, सरळ केली.

"सांगायचं एवढंच," तो नदीकडे बघत म्हणाला, "की त्या उत्तरांच्या नादात मला वाटायचं, मी सरांची वाट बघतोय. आता कळतंय तसं नव्हतं." थांबला. "असो. उद्या तुमच्याकडे यायचं काही कारण उरलं नाही. मंगळवारी मी निघतोच आहे. तिकडे काही विचारायचं झालं तर... आता सर काय म्हणाले असं कुणाला विचारू?"

तो दोन पावलं चालला. नदी तशीच गर्जत होती. मी उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले, आणि तो वळेपर्यंत थांबले, कारण हे मला त्याच्या पाठीला सांगायचं नव्हतं. "हे बाबा म्हणत नाहीत. मी म्हणते आहे. तुम्ही मला फार आवडता. उद्या माझ्याकडे या."